शिंपीणबाईंच्या गाडीचा थरथरता आरसा

मित्रांनो, मी गाडीच्या कडेचा एक म्हातारा आरसा आहे. चालकाच्या बाजूचा, म्हणजे मानाचा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच इतकी नितळ होती, की पहिला मालक माझ्यात बघून मिशीवर कंगवा फिरवायचा. पुढे गाडी एका शिंपीणबाईंच्या घरी आली. एकदा बाईंच्या यजमानांनी मला फाटकाला घासलं आणि माझ्या काचेमागची एक खुंटी तुटली. दोष त्यांनी फाटकाला दिला. तेव्हापासून इंजिन सुरू झालं की मला कापरं भरायचं. पलीकडचा माझा जुळा भाऊ मात्र ढिम्म!

माझ्या दुखण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तशातच बाई गाडी चालवायला शिकल्या. परवाना मिळाला की कुणाची मनधरणी न करता स्वतः आईला भेटायला जायचं, असा त्यांनी पणच केला होता. परीक्षेत दोन खांबांमधून गाडी मागे घ्यायची होती. हातच्या कांकणाला आरसा लागत नसेल, पण पाठीमागच्या खांबाला लागतोच ना! बाईंना माझ्यात एका खांबाचे चार दिसले. त्यांनी खोटे तीन चुकवले आणि खरा आडवा केला. नापास झाल्यावर घरी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बघतो," यजमान म्हणाले. हे वाक्य ऐकलं की त्या घरातली भांडीसुद्धा दचकतात. त्यांनी आधी पुठ्ठ्याची घडी कोंबली, ती पहिल्याच खड्ड्यात पळाली. मग त्यांनी गोंदाची अख्खी नळी माझ्या काचेच्या कडेने ओतली. "आता भूकंप झाला तरी हा हलायचा नाही!" आणि खरंच, मी हललो नाही. मीही जरा शेफारलोच.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी बाई गाडीत बसल्या.

"अहो, मला यात नुसतं आभाळ दिसतंय."

"काहीतरीच! मला तर रस्ता लख्ख दिसत होता."

"तुमच्या उंचीला दिसणारच. परीक्षा तुमची आहे का?"

यजमान ताडमाड, बाई ठेंगण्या, आणि मी यजमानांच्या नजरेला जखडलेला! यजमानांनी धावत जाऊन दोन उशा आणल्या. त्यांवर बसल्यावर बाईंना रस्ता दिसला, पण पाय ब्रेकपर्यंत पोचेनात.

"ब्रेकचं नंतर बघू," यजमान म्हणाले.

बाई उतरल्या. त्यांनी लांब वायर लावून इस्त्री बाहेर आणली, मला वाफ दिली आणि गुंड्या शिवायचा जाड दोरा काचेच्या कडेने करवतीसारखा फिरवला. गोंद सुटला. तुटक्या खुंटीच्या जागी त्यांनी कोटाच्या खांद्यात घालतात ती मऊ गादी बसवली. मग चालकाच्या जागेवर बसून, बोटाने दाबत दाबत, मला आपल्या डोळ्यांशी जुळवलं. यजमान दोन्ही काखांत उशा धरून बघत राहिले.

त्या दिवशी खांब दोनच होते, आणि दोन्ही उभे राहिले.

"छान! कुणी शिकवलं?" परीक्षकांनी विचारलं.

"आरसा मीच..." यजमान पुढे सरसावले. बाईंनी नुसतं वळून पाहिलं. "काही नाही, काही नाही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी बाई एकट्याच आईकडे निघाल्या. फाटकात उभे राहिलेले यजमान मी त्यांना दाखवले. एका हाताने ते निरोप देत होते, दुसऱ्याने हळूच डोळे पुसत होते. बाई गालातल्या गालात हसल्या आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा, आमचं कापरं हसण्यावारी नेऊ नका. आणि मदतीला धावून जाल तेव्हा गोंदाचं झाकण उघडण्याआधी एवढंच विचारा, यात बघणार कोण? तिला आधी बसू द्या.