उणे तिसात फुललेली फांदी

मार्च उजाडला तरी अल्ताईतल्या त्या गावात थंडी उणे तीसवर अडून होती, आणि चर्चच्या अंगणातल्या सफरचंदाला फुलं आली होती! एकाच फांदीला, पण गच्च. बाया बर्फात गुडघे टेकून छातीवर क्रूस काढत होत्या.

"हिवाळा हा सैतानाचा श्वास!" गावात रोपं विकायला आलेला पंक्रातीबाबा काखेत घोंगडी धरून गरजत होता. "रानटी झाडाशी गोड झाडाचा संकर करता? हे पाप! तोडा, जाळा, आणि माझं पवित्र रोप विकत घेऊन लावा! दर्शन अर्धाच तास, मग फांदी घोंगडीत!"

शेजारी शेकोटी धडधडत होती. कापितोलिना, शाळेतली वनस्पतिशास्त्राची बाई, आठवडाभराने तालुक्याहून परतली ती बसमधून उतरून थेट इथेच आली. शेकोटीतला ओंडका तिने निरखून पाहिला.

"ग्लाफिराकाकू, हे अर्खिपकाकांचं झाड?"

"होय गं," ग्लाफिरा समाधानाने म्हणाली. "बाबा म्हणाले, यांचा जीव त्यात अडकलाय. एकूण एक काडी जाळली, तेव्हा सुटले बिचारे."

ग्लाफिराच्या नवऱ्याने, अर्खिपने, अठ्ठावीस वर्षं खपून शेकडो रोपांतून ते एकच वाचवलं होतं. उणे शेहेचाळीस सोसूनही मुठीएवढी गोड फळं देणारं. तो गेल्या शरदात वारला. कलमासाठी त्या झाडाच्या काड्या कापितोलिना परतल्यावर कापणार होती. बाबाच्या रोपांना लाजवणारं गावात तेवढं एकच झाड होतं. त्याने नेमकं तेच हेरलं होतं.

ती गर्दीतून थेट फुलांकडे गेली.

"हात लावू नकोस, पापिणी!" बाबा ओरडला. "आंधळी होशील!"

"मग तुम्ही ही फांदी घोंगडीत गुंडाळता तेव्हा आंधळे कसे होत नाही?" असं म्हणत तिने फांदी ओढली. बाटलीचं बूच निघावं तशी ती उपटून आली. बुंध्यात गिरमिटाने पाडलेलं भोक, भोवती मेण, फांदीच्या टोकाला सुरीचा तिरका काप.

"तीन आठवडे उबदार खोलीत पाण्यात ठेवली की कुठलीही फांदी फुलते. पाहा, थंडीने पाकळ्या काळवंडल्यात. म्हणून दर्शन अर्धाच तास, आणि रोज रात्री नवी फांदी!"

बाबा घोंगडी टाकून पळत सुटला. दोघा-चौघांनी त्याला बर्फात आडवा पाडून बुटांनी तुडवला. त्याने काय व्हायचं होतं!

ग्लाफिरा मात्र शेकोटीशीच उभी होती. "कापितोलिना, त्याला परत जोडता येईल ना? तूच तर जोडतेस."

"जिवंत काडी हवी, काकू. बोटभर पुरे."

म्हातारीने हातमोजे काढले आणि निखाऱ्यांत हात घातला. लोकांनी तिला ओढलं, तेव्हा तिच्या मुठीत कोळसा होता.

"काल का नाही आलीस?" ती कापितोलिनाच्या अंगावर धावून गेली. "काल का नाही आलीस गं सटवे?"

 कापितोलिनाने म्हातारीच्या भाजलेल्या हातावर बर्फ धरला आणि गर्दीकडे वळली.

"तुम्ही शंभर जण होतात. आठ दिवस रोज इथे येत होतात. एकानेही ही फांदी ओढून पाहिली नाही. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी तो हात लावून बघा. आणि कुणी हात लावू देत नसेल, तर कुऱ्हाड घरीच ठेवा."

 पैसे आधीच मोजलेले म्हणून बर्फ वितळताच लावलेली बाबाची रोपं मे महिन्यात कुंपणाकुंपणाशी थंडीने काळी पडून उभी होती.