शून्य तीन सात

'पाण्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही गप्प बसलात. वर नदीकाठी पाटी ठोकलीत, पाणी ठरलेल्या प्रमाणात आहे म्हणून. कुणी ठरवलं हे प्रमाण? तुमच्या घरच्या नळाला हेच पाणी येतं का?'

वरच्या कचेरीतल्या साहेबांना उद्देशून एवढं लिहून सोमपितने पेनाला टोपण लावलं आणि मागे सरून फळा वाचला. शेवयांच्या रश्श्याची तिची टपरी नदीच्या पुलाशी. बाहेर हा पांढरा फळा. गेली नऊ वर्षं दर शनिवारी ती त्याच्यावर आठवड्याची वेचणी लिहायची. शाळा सहावीत सुटली, पण वाचायचं सुटलं नाही. मिरच्या बांधून आलेला कागदसुद्धा ती उलगडून वाचायची. सोनं चढलं की उतरलं, धूर कुठल्या डोंगरावरून येतोय, पाल छताला उलटी कशी चिकटते, गांडुळाला हृदयं किती. सगळं एकाच फळ्यावर.

गाव रोज वाचायचं. पण काय वाचायचं? आकडे! महिन्यातून दोनदा, एक आणि सोळा तारखेला, सरकारी लॉटरी निघते, आणि या गावाला आकडा कुठूनही चालतो. कुणाची पाल किती वेळा ओरडली, कुणाच्या स्वप्नात किती हत्ती आले. सोमपितने गांडुळाला पाच हृदयं लिहिली, तर त्या पंधरवड्यात पाचाचं तिकीट औषधाला उरलं नाही.

आज फळ्यावर एकच बातमी होती. सीमेपलीकडे डोंगरात खाण सुरू झाल्यापासून नदी गढूळ पिवळी वाहत होती, आणि गावच्या नळाला तीच नदी येत होती. सोमपितने नळाचं पाणी बाटलीत भरलं, बसने शहरातल्या प्रयोगशाळेत धाडलं. उत्तर काल आलं. ते तिने जाड अक्षरात लिहिलं: 'आर्सेनिक ०.०३७. असावं ०.०१ च्या आत. हे विष आहे. नळाचं पाणी पिऊ नका. नदीतले मासे खाऊ नका.'

नऊ वाजेपर्यंत फळ्यापुढे गर्दी. सोमपितचा जीव भांड्यात पडला. वाचतायत!

"शून्य तीन सात," बुआतोंग म्हणाली. ती भाजी विकायची. "सरळ घेऊ की उलटं?"

"अगं बये, ते विष आहे! तुझ्या नळातलं!"

"असू दे की. तीन आकडी आहे ना?"

गावप्रमुखाने मोबाइलवर फोटो काढला. "मावशी, आधीचं शून्य धरायचं की नाही?"

"तुम्ही वरच्या कचेरीला कळवा. पाणी बंद करा."

"कळवतो. सोळा तारीख होऊ दे."

सगळ्यांच्या मागून तिचा थोरला भाऊ इंतोन आला. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. त्याच्या तळहातांवर पावसाळ्यापासून फोड उठले होते, फुटायचे, पुन्हा उठायचे. त्याच्यासाठीच तर तिने बाटली भरली होती.

"दादा, तू तरी ऐक. बाटलीचं पाणी पी. जाळं ठेव खुंटीला."

"पाण्याला पैसे मोजू? नदी काय आटली?" तो हसला. "आपल्या बाबांनी हेच प्यायलं."

"बाबांच्या वेळी खाण होती का?"

"नव्हती. लॉटरी होती. त्यांना कधी लागली नाही." त्याने खाजणाऱ्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली. "या खेपेला तुझ्या आकड्यावर लावतोय. लहान बहिणीवर भरवसा नको का ठेवायला?"

सोळा तारखेला दुपारी टपरीतल्या रेडिओने शेवटचे तीन आकडे सांगितले. शून्य, तीन, सात.

अख्खं गाव ओरडलं. कुणी पातेलं बडवत आलं. बुआतोंगने फळ्याला झेंडूची माळ घातली, कुणी उदबत्त्या खोचल्या, कुणी फळ्यावर अंगाची पावडर चोळून आणखी एखादा आकडा उमटतोय का ते पाहिलं. 'पिऊ नका' ही अक्षरं त्या पावडरीखाली गेली.

संध्याकाळी इंतोन आला. खांद्यावर कोरं करकरीत जाळं, हातात दोन मोठे मांगूर.

"बघ, दुप्पट रुंदीचं घेतलं. एक मासा तुला, एक मला. तुझ्या आकड्याचा प्रसाद!"

मांगुराच्या पोटावर लाल चट्टे होते. नाण्याएवढे.

"दादा, हे बघ. आणि हे तुझे हात बघ. एकच आहे रे हे."

"तेवढा भाग कापून टाक."

"पाया पडते तुझ्या. खाऊ नको."

"सोम," तो पहिल्यांदाच जरा नरमाईने बोलला, "आकडा वाईट असता तर लागला असता का?"

तो गेल्यावर आपल्या वाटणीचा मासा तिने टपरीमागे खोल खड्ड्यात पुरला. तेवढ्यात शेजारून, दादाच्या चुलीवरून, गवती चहा आणि तळल्या माशाचा वास आला.

शनिवारी तिने माळ काढली, फळा पुसला. सोनं नाही, पाल नाही, गांडूळ नाही. एकही आकडा न घालता लिहायला बसली. माणसं जमलीच.

"मावशी, आज आकडा नाही?" गावप्रमुखाने विचारलं.

"नाही."

"थांबा," बुआतोंग म्हणाली, आणि बोट नाचवत ओळी मोजायला लागली.

सोमपितने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती लिहीत राहिली:

'पाटी ठोकणाऱ्यांनो, मी आकडा दिला, माझ्या लोकांनी त्याचं तिकीट केलं. तो माझा पराभव, मान्य. पण आकडा द्यायचं काम टपरीवालीचं होतं का? तुमच्याकडे शिक्का आहे, गाडी आहे, भोंगा आहे. तुम्ही बोललात तर नळ बंद होतो, मी बोलले तर माळ पडते. माझ्या भावाचे हात फुटलेत आणि तो नवं जाळं घेऊन नदीत उतरलाय. मला तुमचा आकडा नको, प्रमाण नको. इथे या, या फळ्यापुढे उभे राहा आणि त्याला तोंडाने सांगा. आज त्याने जो मासा धरला, तो त्याने खावा की खाऊ नये?'