देणगीदारांच्या क्रमाने

हरचंदांचे तोताराम, तोतारामांचे चुडामण आणि चुडामणांची लेक कुंदाबाई. धुळ्याच्या सरकीबाजारात या घराण्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्या दुपारी मात्र वाचनालयाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या कुंदाबाईंच्या तोंडाची चव गेली होती.

बुरख्यातली एक तरुण मुलगी विचारत होती, "बाळंतपणाचं पुस्तक पाहिजे. पुढच्या महिन्यात दाईची परीक्षा आहे."

कारकून चिंधाने छापील यादी पुढे सरकवली. "कोनी दिधं ते सांग."

"मला काय माहीत? कशाबद्दलचं ते सांगितलं ना."

"आठे तसं नई शे. बठ्ठी पुस्तकं देणगीदारसना नावखाल शेतस. मोठा पहिला, धाकला मांगे." म्हणजे पुस्तक हवे तर आधी देणगीदाराचे नाव ठाऊक हवे.

कुंदाबाईंनी यादी ओढून घेतली. पहिल्याच पानावर, वेलबुट्टीच्या चौकटीत, त्यांच्या आजोबांचे नाव होते. त्या पानाच्या कडेला विड्याने रंगलेल्या बोटांचे लाल ठसे होते. सभासद येत, आपापले नाव जागेवर आहे एवढे पाहून जात. आतली पाने कोरी करकरीत होती.

"कोणाची गं तू?"

"मुमताज. साबेरा दाईची नात."

कुंदाबाईंनी यादी खाली ठेवली. प्लेगच्या साली, दारावर सरकारी खूण असताना, साबेराने माहेरच्या घरात शिरून त्यांचे पहिले बाळंतपण केले होते. चुडामणांनी पुढे केलेली पाटली तिने उंबऱ्यावरच ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे माझं येणं," एवढेच म्हणाली. ते येणे या घराण्याकडून फिटायचे तसेच राहिले होते.

"चिंधा, कपाटं उघड."

दिवेलागणीला पुस्तक सापडले ते आजोबांच्याच देणगीत. कुण्या मयत डॉक्टरचे खोके त्यांनी लिलावात घेऊन जसेच्या तसे इथे पाठवले होते. छापखान्यातून जोडून आलेल्या पानांच्या कडाही वाचण्यासाठी कोणी फाडलेल्या नव्हत्या. कुंदाबाईंना स्वतःच्या घराण्याची शिसारी आली.

"घे. तुझंच झालं हे."

"फुकट नको, अक्का. वाचून परत आणीन. पण आमच्या वर्गातल्या बठ्ठ्या पोरी इथून हात हलवत परत जातात. त्यांना सापडेल असं करा."

कुंदाबाईंनी ते केले. विषयवार कार्डे लिहिली, आणि प्रत्येकावर पुस्तक कशाच्या कामाचे ते साध्या बोलीत एका ओळीत. अध्यक्ष रुपचंदशेठ धावत आले.

"अक्का, हे काय खूळ? पहिलं पान गेलं म्हणजे तुमच्या आजोबांचं नाव गेलं!"

"जाऊ द्या."

"देणग्या आटतील!"

"रुपचंद, रस्त्यात थुंकून पुढे जावं तशी आपण इथं पुस्तकं टाकून गेलो. वर त्याचा मान मागतो. घाण वाटते मला."

रुपचंदशेठ टोपी सारखी करत निघून गेले. कुंदाबाईंनी यादीचे ते पहिले पान स्वतःच्या हाताने फाडले. चिंधाने दुसरीकडे पाहिले.

परीक्षेआधी मुमताज वर्गातल्या मुलींना घेऊन आली. कोणालाही न विचारता त्यांनी कार्डांचा खण ओढला. 'अडलेल्या बाळंतिणीसाठी काय करावे' हे कार्ड एकीने मोठ्याने वाचले, दुसरी पुढचे काढू लागली. मुमताजने एक कार्ड उलटून पाहिले.

"अक्का, दिलं कोणी ते नाही लिहिलं?"

"नाही." कुंदाबाईंनी पदर सावरला. "आजीला सांग, तिचं येणं पोचलं."

मुमताजने मान हलवली आणि कार्ड जागेवर ठेवले. मागून एक मुलगी म्हणाली, "सरक ना गं, मला दिसत नाही."