अंजनाबाईंचं सूप आणि डोळेवालं मशीन

मी एक जुनं सूप आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, थोडं हळहळावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमायचं नाही. माझ्या मनात राग आहे, आणि तो का आहे ते तुम्ही ऐकलंच पाहिजे.

सोमाजी बुरडाने हिरव्या बांबूच्या पट्ट्या विणून मला घडवलं. मूल गावच्या आठवडी बाजारात अंजनाबाईंनी मला हातात घेऊन हवेत झुलवून पाहिलं आणि विकत घेतलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या डोक्यावर बसून राईस मिलमध्ये.

मिलमध्ये धान भरडून तांदूळ निघायचा, पण त्यात खडे, काळे दाणे, पिवळे दाणे राहायचे. टिनाच्या शेडखाली गावोगावच्या बाया रांगेत बसून तो पाखडायच्या, निवडायच्या. दिवसभर सुपांचा फटफट आवाज आणि त्यावर बायांच्या गप्पा. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची म्हैस व्यालेली. अंजनाबाई विधवा होत्या. सासू आणि दोन लेकरं, सगळं घर याच मजुरीवर चाललेलं. व्यापारी तांदूळ मुठीत घेऊन तारीफ करायचे, तेव्हा मालक छाती फुगवून सांगायचे, "माह्या बायाइच्या हातचा हाय."

माझ्या बाया म्हणायचे ते. हे लक्षात ठेवा.

मग एका उन्हाळ्यात मालक शेडमध्ये आले. म्हणाले, "अंजनाबाई, दोन ढीग पाह्यजे. एकात निवळ चांगला तांदूळ, दुसऱ्यात सारा खराब."

"कायले जी?"

"बाहेरून माणूस येऊन राह्यला. त्याले दाखवाचा हाय."

बायांनी जीव ओतून ते ढीग केले. शेजारची कमळा म्हणाली, "चांगला भाव भेटन वाट्टे मालकाले." अंजनाबाई हसल्या. मालकाचं भलं झालं तर आपलंही होईल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ट्रकमधून मशीन उतरलं. त्याच्या पोटात कॅमेरे होते. वरून तांदूळ पडताना ते प्रत्येक दाणा पाहायचं आणि खराब दाण्याला हवेच्या फटकाऱ्याने बाजूला उडवायचं. बायांनी त्याला डोळेवालं मशीन असं नाव ठेवलं. बसवायला आलेल्या माणसाने आमचे दोन्ही ढीग त्यात ओतले. असा दाणा चांगला, असा वाईट, हे मशीनने त्या ढिगांवरूनच ठरवलं.

मग पूजा झाली. मालकांनी मलाच पुढे केलं. माझ्यात तांदूळ, हळद-कुंकू, दिवा. "बाई, तुमी साऱ्याईत मोठ्या. तुमीच ओवाळा." अंजनाबाईंनी पदर सावरून मशीनला ओवाळलं. पेढे वाटले गेले. पेढा हातात असतानाच मालक म्हणाले, "उद्यापासून निवडाले यायची गरज नाई."

अंजनाबाईंनी पेढा खाली ठेवला.

"मशीन आनली त आनली, मालक. पन तिले आमच्याच हातानं शिकवून घेतलं, तवा सांगाले काय झालं होतं?"

"सांगतलं असतं त तुमी ढीग केले असते काय?"

मित्रांनो, हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला पुढे कळलं. सगळ्या बाया फाटकासमोर बसल्या. धानाचे ट्रक अडले. दुपारी मुनीम बाहेर आला. झाडझुडीला दोघी ठेवतो म्हणाला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कमळाचा नवरा आजारी होता. ती मान खाली घालून रडू लागली.

"जाय कमळा," अंजनाबाई म्हणाल्या. "लेकरं उपाशी ठिवू नोको. तुह्यावर राग नाई माहा."

कमळा गेली, तिच्यामागे आणखी एक गेली, आणि ट्रक आत शिरले. बाकीच्या बाया पदर झटकून उठल्या. त्या दिवशी अंजनाबाई सरळ मशीनच्या खोलीत गेल्या. पूजेपासून मी तिथेच होतो, हळदीकुंकवासकट. मालक म्हणाले, "राहू द्या, शोभेले."

"सूप माहं हाय," एवढंच बोलून त्यांनी मला काखेत घेतलं.

आता त्या लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला आणि पुढे कापणीला जातात. चार महिने काम, बाकीचे महिने मिळेल ते. मोठी पोरगी शाळा सोडून त्यांच्यासोबत चिखलात उतरते. माझी कड उसवली आहे, पण मला जपा म्हणून मी तुम्हांला विनवणार नाही. मशीनवरही माझा राग नाही. ते आपलं काम चोख करतं. ज्यांचं काम जाणार त्यांनाच अंधारात ठेवून, त्यांच्याकडूनच त्याची तयारी करून घेतली, याचा राग आहे.

उद्या तुमची शाळा तुम्हांला सहलीला अशी एखादी मिल दाखवायला नेईल. तिथला साहेब अभिमानाने सांगेल, हे मशीन कितीतरी बायांचं काम एकटं करतं. तेव्हा हात वर करा आणि विचारा, त्या बाया आता काय करतात? उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.