वजा सेहेचाळीस पॉइंट चार

आमच्या लॅबमध्ये कुणी स्वतःच्या नावाने राहत नाही. मला पोरं व्हॉल्व्हकाकू म्हणतात, कारण मला न विचारता कुणी व्हॉल्व्हला हात लावला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. आणि पाण्याच्या प्रवाहाचे प्रयोग शिकवतात ते शून्यसर. शून्यसर म्हणजे माझा नवरा. लॅबमध्ये मी त्यांना सर म्हणते आणि ते मला काकू, तुम्ही. घरी अहो आणि अगं. चोवीस वर्षांत या दोन खात्यांची सरमिसळ आम्ही कधी होऊ दिली नाही. माझी नणंद म्हणते, तुमच्या घरात भांडणसुद्धा लिटरमध्ये मोजत असाल. मोजतो, आणि माझंच जास्त भरतं.

शून्यसर हे नाव कसं पडलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लॅबच्या मधोमध काचेच्या भिंतींचा एक लांबलचक चॅनल आहे. त्यात पाण्याच्या आड एक पितळी प्लेट उभी केलेली आहे. तिला म्हणायचं वियर. पंप सुरू केला की पाणी प्लेटमागे चढतं आणि तिच्या धारदार कडेवरून पलीकडे पडतं. कडेच्या वर पाणी किती मिलिमीटर चढलंय ते मोजलं, की दर सेकंदाला किती पाणी वाहतंय ते सूत्राने काढता येतं. मोजायला हूक गेज असतो: उभी पट्टी आणि तिच्यावर सरकणारा एक हूक. हुकाचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला खालून टेकवायचं आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा.

आता मेख अशी की पट्टीवरचं शून्य काही प्लेटच्या कडेला नसतं. म्हणून आधी पंप बंद ठेवून पाणी बरोबर कडेइतकं आणायचं आणि तेव्हाचं रीडिंग घ्यायचं. ते आपलं शून्य. पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून ते वजा करायचं. आमच्या गेजवर ते एकशे आठ पॉइंट चार येतं, वर्षानुवर्षं तेवढंच. पण सर दर वेळी नव्याने घ्यायला लावायचे. 'नेहमीचंच असतं की, सर,' असं कुणी म्हणालं, तर 'काल जेवलात म्हणून आज जेवणार नाही का?' असं म्हणून त्याच्याकडून तीनदा करून घ्यायचे.

त्यामुळे हे गेल्या वर्षी एकदा शून्य न घेताच पंप सुरू करायला निघाले, तेव्हा डॉक्टरांच्या आधी मला कळलं. मी मागून पाना खाली पाडला आणि म्हणाले, "सर, शून्य?" ते हसले. पोरांना म्हणाले, "तुमची परीक्षा घेत होतो. एकजणही बोलला नाही." वर्ग हसला. दुसऱ्या वेळीही हाच विनोद खपला. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मला ते नाव आवडत नाही, मी घेत नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मात्र मी पदराला गाठ मारून ठेवलं: रोजचं काम सुटू देऊ नका, काम चालू आहे तोवर हे बरेच दिवस टिकून राहतील. म्हणजे लॅब गेली की माणूस गेला. माझ्यापुरता हिशोब इतका सोपा होता.

मग मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागे उभी राहायला लागले. फळ्यावर सूत्र मी आधीच लिहून ठेवायचे. ते अडकले की मी व्हॉल्व्हवर खेकसायचे, पोरांचं लक्ष माझ्याकडे वळायचं, तेवढ्यात त्यांना शब्द सापडायचा. त्यांनी रीडिंग चुकीचं लिहिलं की म्हणायचे, "सॉरी सर, माझ्याच हाताने व्हॉल्व्ह जरा फिरला." वर्षभरात मी इतक्या चुका माझ्या नावावर घेतल्या, की नव्या बॅचला मी या कामाला नवीनच वाटत असेन. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी दोन्ही हातांनी झाकून धरली होती.

पण दोन बॅचची गणितं लागोपाठ चुकली आणि विभागप्रमुखबाईंनी आम्हाला बोलावलं. ही बाई एकेकाळी सरांचीच विद्यार्थिनी. याच चॅनलमध्ये तिने स्वतःचा चष्मा पाडला होता आणि मी तो काढून दिला होता. ती आम्हाला बसा म्हणाली आणि स्वतः उभीच राहिली.

"सर, बुधवारी अकराला वियरचं प्रात्यक्षिक घ्या. नेहमीचीच बॅच. मी मागे बसेन," ती म्हणाली. "नीट झालं, तर वर्ष संपेपर्यंत तुमच्या वर्गाबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही."

"आणि नाही झालं तर?" सरांनी विचारलं.

"तर मला पोरांचंही बघावं लागेल, सर."

"बरोबर आहे," ते म्हणाले. विद्यार्थिनीने योग्य उत्तर दिल्यावर म्हणत तसंच.

घरी आल्यावर त्या विषयावर ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त न्हाणीघरात तास तास बसायला लागले. आतून पुटपुटणं ऐकू यायचं. मी दारावर थापा मारायचे, "अहो, झोप लागली का आत?" त्यावर ते नळ सोडायचे.

मी माझ्या परीने विचार करत होते. बाकीचं सगळं त्यांना येईल, हाताला सवय आहे; भीती होती ती एका शून्याची. ते घ्यायला विसरले, तर पुढचे सगळे आकडे कचऱ्यात. आणि त्या दिवशी मागून पाना पाडणं चालणार नव्हतं. मग मला वाटलं, शून्यच शून्यावर आणून ठेवलं तर? बुधवारी सकाळी आठला मी लॅब उघडली, पाणी बरोबर कडेइतकं आणलं, पट्टीचे दोन स्क्रू ढिले केले, पट्टी सरकवली आणि हुकाचं टोक पाण्याला टेकलेलं असताना शून्य पॉइंट शून्य येईल अशी पुन्हा घट्ट केली. आता ते शून्य घ्यायला विसरले तरी काही बिघडणार नव्हतं. घेतलं, तरी शून्यच येणार होतं. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? तुम्ही विसरणार अशी माझी खात्री आहे, असं?

अकरा वाजता ते उभे राहिले आणि काय सांगू, दहा वर्षांपूर्वीचे सर उभे राहिले. प्लेटची कड धारदार का हवी ते सांगितलं. पडणारं पाणी कधी कधी प्लेटला चिकटून खाली उतरतं, मग माप चुकतं, हे सांगताना मागच्या आठवड्यातला पोरांचाच घोळ आठवून त्यांना चिडवलं. "पाण्याच्या पडद्यामागे हवा जाऊ द्या. त्यालाही श्वास घ्यायचा असतो," म्हणाले. मागे बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी सहा पावलांवर, पंपापाशी. लोक देव पाण्यात घालून बसतात; मी पाण्यापाशीच बसले होते, देव तेवढे मिळत नव्हते.

"आणि सगळ्यात आधी काय?" त्यांनी विचारलं.

"शून्य!" सगळा वर्ग ओरडला.

"शाब्बास," ते म्हणाले, आणि गेजकडे न बघता फळ्यावर लिहून मोकळे झाले: १०८.४.

गेजवर आता शून्य होतं, एकशे आठ नव्हे. सर, एकदा गेज बघता का? एवढंच म्हणायचं होतं. पण बाई बघत होत्या, आणि मी टोकलं म्हणजे सरांना टोकावं लागतं हे उघड होणार होतं. वर्षभर नको तिथे बोलले आणि हवं तिथे तोंड शिवून बसले.

त्यांनी मला खूण केली, मी पंप सुरू केला. पाणी चढलं, कडेवरून छान पडायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला त्यांनी गेजपाशी बोलावलं. तिने हूक टेकवला, वाकून वाचलं, "बासष्ट पॉइंट शून्य, सर." त्यांनी ते एकशे आठ पॉइंट चारच्या वर लिहिलं आणि वजाबाकीची रेघ मारली.

"सर, मायनस येतंय," कुणीतरी म्हणालं. "मायनस सेहेचाळीस पॉइंट चार."

दोघं-तिघं हसले. हसणारच. पाणी डोळ्यांदेखत कडेवरून पडतंय, आणि फळ्यावर ते कडेच्या जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली आहे.

मी कामाला लागले त्या वर्षी झाडू लागून गेज अर्धा मिलिमीटर हलला होता, तर यांनी ते उत्तरावरून ओळखलं होतं. आज ते पाण्याकडे बघत होते, मग फळ्याकडे, मग परत पाण्याकडे. खिशातून त्यांनी एक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली. मग डस्टर घेऊन त्यांनी ते १०८.४ पुसलं आणि त्याच जागी, आधीपेक्षा सुबक अक्षरात, पुन्हा १०८.४ लिहिलं.

तेव्हा माझं तोंड उघडलं. "सर, पट्टी हललीय," मी म्हणाले. "मी हलवलीय. आज सकाळी. तुमचं काही चुकलं नाही."

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे गं," ते म्हणाले. सगळ्या वर्गासमोर. "दर वेळी तू तरी किती सावरणार? पंप बंद कर."

मी पंप बंद केला.

वर्ग गेल्यावर बाईंना मी गेजपाशी नेलं आणि स्क्रूवरचे ताजे ओरखडे दाखवले. त्यांचा लगेच विश्वास बसला. पण त्या म्हणाल्या, "काकू, पट्टी हललीय हे सरांना कळायला हवं होतं. अशक्य उत्तर आलं की आधी शून्य तपासा, हे मला त्यांनीच शिकवलं ना?" आणि रडायला लागल्या. मी रडले नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता, कारण त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून सर घरी बसले आणि मी रजा काढली.

त्या बुधवारी संध्याकाळी कपडे धुवायला घेताना शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली. त्यांच्या अक्षरात अकरा मुद्दे. पहिला: 'शून्य १०८.४. विसरू नकोस.' खाली दोन रेघा. न्हाणीघरात बसून हेच पाठ करत होते. मी त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी माझ्यापासून, आणि दोघांच्या लपवाछपवीची टक्कर नेमकी फळ्यावर झाली. शेवटचा मुद्दा होता: 'तिच्याकडे बघू नकोस.' तो शर्ट हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

चिठ्ठी घेऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि पट्टीचं सगळं पुन्हा सांगितलं, स्क्रूसकट. या वेळी त्यांना पटलं. आणि ते चिडले. "माझ्या गेजला हात लावलास? मला न विचारता?" असे ओरडले की शेजारणीने खिडकी उघडली. झोपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्यावर ओरडणारा माणूस अजून शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "अगं, वजा कसं काय आलं असेल?"

मला टोमणा वाटला. टोमणा नव्हता. माझी कबुली ते विसरले होते. सगळ्यांसमोर झालेली फजिती तेवढी लक्षात राहिली होती. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा चिडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे महिने गेले. कधी ओरडायचे, कधी मोठ्याने हसून 'म्हणजे माझं बरोबर होतं!' म्हणायचे आणि दुपारपर्यंत खुशीत असायचे. एकदा मला माफ केलं, तेही अगदी रीतसर, डोक्यावर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी ती माफी रद्द. रोज तोच गुन्हा कबूल करायचा म्हणजे काय ते गुन्हेगारांनाही माहीत नसेल. एका सकाळी मी वैतागून म्हणाले, "मला नाही माहीत, जा!" तर ते दिवसभर पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला बासष्टमधून एकशे आठ पॉइंट चार वजा करत बसले. त्यानंतर मी कधी टाळाटाळ केली नाही.

गेल्या सोमवारी त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, सुटले एक दिवस. मंगळवारी नाही. बुधवारी मी चहा पुढे ठेवला, समोर बसले, त्यांचा कप अर्धा होईपर्यंत वाट पाहिली. मग मीच म्हणाले, "अहो, पट्टी मी हलवली होती."

त्यांनी कप खाली ठेवला. माझं बोलणं महत्त्वाचं आहे हे त्यांना कळत होतं, म्हणून ते नीट सरळ बसले.

"कुठली पट्टी?"

"गेजची. त्या दिवशी... तुमचं शून्य बरोबर होतं. मी पट्टी हलवली, म्हणून वजा आलं."

"असं होय," ते म्हणाले. "बरं."

"चिडा ना माझ्यावर," मी म्हणाले. "अहो, थोडं तरी चिडा."

"कशाला?" ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते गडबडले, खिसे चाचपले आणि रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.