मुठीतली सुपारी

कनेरगाव नाक्यावरच्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर यंत्रनाथ महाराज, अंगावर भगवी शाल, शेजारी मोठा पडदा. हवेतून अंगारा काढणारे महाराज आता जुने झाले. हे कॅमेरा घेऊन फिरत.

"भक्तहो, श्रद्धेला पुरावा मागतात ना? घ्या पुरावा! कातडीतलं चैतन्य इथं दिसतं!"

पुराव्याची रीत अशी. भक्ताने मुठीत सुपारी घट्ट धरून संकल्प करायचा. हाताच्या पाठीवर शाईचे ठिपके उमटवायचे आणि एक इवलीशी वाटी हवा ओढून तिथली कातडी वर उचलायची. ठिपके किती सरकले ते कॅमेरा टिपायचा. कातडी ताठ असली की पडदा लाल, लवचीक असली की हिरवा. मग मंत्रवलेल्या हळदीचा लेप, सुपारी ताम्हनात, लेप पुसून मोकळ्या हातावर पुन्हा वाटी. पडदा हिरवागार! त्यात हळद हिंगोलीची, म्हणून टाळ्या जरा जास्तच. घरच्या हळदीवर शंका कोण घेणार?

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी अपर्णा मागे उभी होती. तिची आई निर्मलाबाई पुढे बायकांत बसली होती. तिच्या बोटांची कातडी आवळत चालली होती. गोळ्या थांबल्या तर दुखणं फुप्फुसात शिरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण महाराजांच्या मागच्या कार्यक्रमात पडदा हिरवा झाला आणि आईने गोळ्या बंद केल्या. आता जिना चढताना तिला धाप लागायची. अपर्णा मनातून पार घाबरली होती.

"आई, गोळी घे गं," सकाळीच तिने विनवलं होतं.

"काहून घेऊ? मोजल्याबिगर मानू नये, हे तूच सांगतेस ना? मोजलं की बराबर!"

यंत्र खोटं नव्हतंच. आता कार्यालयात उभ्या उभ्या अपर्णाने चाळा म्हणून मूठ आवळली आणि हाताच्या पाठीला चिमटा काढून पाहिला. कातडी चिमटीत येईना. मूठ उघडताच सहज आली. ती तडक व्यासपीठावर गेली.

"महाराज, माझाही हात मोजा. लेप मात्र नको."

"बेटी, शंका हाच खरा रोग!"

"मग तोच मोजा की!"

लोक हसले, महाराजांना नाही म्हणता येईना. मुठीत सुपारी, पडदा लाल. सुपारी ताम्हनात, पडदा हिरवा.

"लेपाशिवायच बरी झाले! आता तुमचा हात द्या."

"आमच्या तेजाने यंत्र जळेल!"

"जळू द्या हो, हॉलचा विमा काढलाय!" पुढच्या रांगेतून कार्यालयाचे मालक दत्तोपंत ओरडले.

अपर्णाने सुपारी पुढे केली. ती धरलेली महाराजांची मूठ कॅमेऱ्याखाली आली आणि पडदा लालभडक झाला. "महाराज, तकलीफ कवापासून हाय?" कोणीतरी विचारलं आणि हशा उसळला.

निर्मलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वर आल्या. "मूठ आवळली की कातडी ताणतेच," अपर्णा हळूच म्हणाली. "आणि आई, तुझं दुखणं बोटांत आहे. यांनी मोजली हाताची पाठ."

"पण मला बरं वाटून राहिलं होतं गं." आईचे डोळे भरले. अपर्णालाही रडू आलं. तिने आईचा हात धरला आणि लोकांकडे वळली.

"यंत्रावर जरूर विश्वास ठेवा. पण दोन्ही वेळा हात सारखाच ठेवला होता का, एवढं विचारत जा. ते विचारल्याने कोणताही देव रागावत नाही."

निर्मलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "चल," त्या म्हणाल्या, "डॉक्टर अजून बसले असतील का?"