उजव्या चाकाचं वजन

मिलीकाकांनी गॅरेजच्या फरशीवर तीन खोकी ओळीनं मांडली आणि दोस्ताच्या मुलीकडे वळून हात झटकले.

"घे, स्वयंवर मांडलंय. माळ कुणाच्या गळ्यात घालायची ते तू ठरव. उरलेले दोघे सोमवारी दुकानात परत."

पहिल्या खोक्यात जाड तारेच्या दोन कडक स्प्रिंगा होत्या. दुसऱ्यात शॉकअब्सॉर्बरची जोडी, डोक्यावरचं बटण फिरवून कमीजास्त घट्ट करता येणारी. तिसऱ्यात नुसती एक रबरी पिशवी, तांब्याएवढी, तिला सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. ती उजव्या स्प्रिंगच्या पोटात बसवायची आणि हवी तेवढी हवा भरायची.

गाडी तिच्या बाबांची. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल सरळ पळायचं, एवढंच त्या गाडीचं काम. बाबा जाऊन चार महिने झाले होते. क्लबनं रविवारच्या शर्यतीतली त्यांची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, आणि त्यानंतर गाडी एका शाळामास्तरांकडे जाणार होती; आईनं त्यांना तसा शब्दच दिला होता. म्हणजे तिच्या वाट्याला गाडीची एकच धाव. ती तरी मिळते की नाही याची आता शंका होती. बुधवारी चाचणीला गाडी सुटली तेव्हा उजवं चाक जागच्या जागी फिरलं, धूर झाला आणि गाडीचं नाक सरळ उजव्या कठड्याकडे वळलं. तिनं वेळेवर पाय काढला. मिलीकाकांनी तिथंच सांगून टाकलं, "हे बरं झाल्याशिवाय तुला मी आत बसू देणार नाही. वर गेल्यावर तुझ्या बापाला तोंड दाखवायचंय मला."

काका बाबांचे तीस वर्षांचे दोस्त. स्वतःचं लेथ मशीन होतं. इतर लोक 'जरासं' म्हणतात तिथं ते 'अर्धा मिलिमीटर' म्हणत, म्हणून हे नाव पडलेलं.

"माझं मत स्प्रिंगांना," ते म्हणाले. "जुनी उजवी स्प्रिंग बसलीय. दारावर पुरावाच आहे."

दार म्हणजे हत्यारांच्या कपाटाचं दार. त्याच्या आतल्या बाजूला बाबांचा हिशेब होता. कागद तेलकट होतात म्हणून ते खडूनं लिहीत, आणि खडूही तिच्याच शिवणाच्या दुकानातून ढापलेला, शिंप्याचा निळा, त्रिकोणी. इंजिनचा पीळ मागच्या आसाचं डावं अंग खाली दाबतो, उजवं वर उचलतो. त्यावर उपाय म्हणून बाबांनी मागच्या आडव्या दांडीला आट्यांचा एक जोड बसवला होता. तो पिळला की उजव्या चाकावर आधीच थोडा भार येई. ड्रायव्हरची सीटही उजवीकडेच, त्यामुळे बसणाऱ्याचं वजनही त्याच चाकाच्या कामी येई. जोडाला किती फेरे दिले ते दारावर लिहिलेलं होतं. जानेवारी, एक. मार्च, सव्वा. जून, दोन. ऑगस्ट, तीन. पुढं काही नाही, कारण सप्टेंबरात बाबा दवाखान्यात गेले.

तो सप्टेंबर तिच्या मनातून जात नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, हे सहा-आठ महिने तरी अंगात असणार. म्हणजे बाबांना कळत होतं आणि ते बोलले नाहीत, असा अर्थ तिनं काढला होता. ती रडली, सगळं रीतसर केलं, दुकानही उघडलं; पण ही एक गोष्ट तिनं बाबांना माफ केली नव्हती.

"काढून बघू या जुन्या," ती म्हणाली.

दोन्ही स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. तिनं गळ्यातली टेप काढून मापल्या. मग काकांनी टेपवर विश्वास नाही म्हणून आपल्या पट्टीनं मापल्या. उंची सारखी. सांध्यांतले रबरी बुश काढून पाहिले, तेही धड होते.

"मग फेरे का वाढत गेले?" तिनं विचारलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मीही विचारलं होतं. म्हणाला, बुश गेले असतील. मी म्हटलं, असतील."

"ठरवत कसे होतात? किती फेरे द्यायचे ते?"

"चाकांखाली वजनकाटे ठेवायचे. तो सीटवर बसायचा, मी मागचे दोन काटे वाचायचो. उजवं चाक डाव्यापेक्षा बारा किलोनं जड भरलं की झालं. बारा म्हणजे त्याचा मंत्रच."

"आणि पुढचे काटे?"

"ते कशाला वाचायचे? फरक मागचा बघायचा असतो."

तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "स्प्रिंगा परत बसवा, काका. आणि तुमचे काटे आणा. वाळूच्या पिशव्याही."

"त्या कशाला?"

"सीटवर बसवायला."

तासाभरात गाडी काट्यांवर उभी राहिली. जोडाला जानेवारीचा एक फेरा दिला. ती पाच किलोच्या पिशव्या एकेक करून सीटवर रचत गेली, शेवटी एक-एक किलोच्या, आणि काका मागून ओरडत राहिले. आठ. दहा. अकरा. बारा. तिनं पिशव्या मोजल्या. ब्याऐंशी किलो.

मार्चचा सव्वा फेरा दिला. आता फरक बारावर आणायला पिशव्या उतरवाव्या लागल्या. ऐंशी.

काकांचा आवाज खाली आला. जूनचे दोन फेरे दिले, तेव्हा ते आकडा पुटपुटलेच फक्त. बहात्तर. ऑगस्टचे तीन दिले. एकसष्ट.

सीटवर पिशव्यांचा लहानसा ढीग राहिला होता.

ती उठून पुढच्या खोलीत, दुकानात गेली आणि मापांची वही घेऊन आली. बाबांचं पान तिला शोधावं लागलं नाही. जानेवारी, कंबर छत्तीस. मार्च, पस्तीस. जून, तेहतीस. ऑगस्ट, तीस. अक्षर तिचंच. दर वेळी बाबा पँट हातात घेऊन आले होते, स्टुलावर उभे राहिले होते. "तुझी आई हल्ली वाढताना हात आखडते," ते म्हणाले होते, आणि तोंडात टाचण्या धरून ती हसली होती. मग तिनं पँट आत घेतली होती. शिवण चांगली बसली होती.

तिनं वही काकांपुढं धरली. त्यांनी दारावरचे महिने आणि वहीतले महिने बोट ठेवून जुळवले.

"आम्ही दोघांनी आपापलं काम चोख केलं," ती म्हणाली. "तुम्ही आटे पिळलेत, मी कंबर आत घेतली."

"चारही काट्यांची बेरीज केली असती एकदा, तर तो घटतोय हे दिसलं असतं," काका म्हणाले. "समोर होते गं."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात कधी आली ते कळलं नव्हतं. तिनं सीटवरच्या पिशव्या पाहिल्या, वही पाहिली, आणि ट्रे बॉनेटवर ठेवला. एरवी बॉनेटवर काही ठेवलेलं तिला चालत नसे.

"ताटात उरलेलं मी झाकून ठेवायची," ती म्हणाली. "संध्याकाळी खातील म्हणून. चहा घ्या, भावजी."

तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. बाबांना कळलं होतं का, हे दारावर लिहिलेलं नव्हतं. कदाचित त्यांनाही बुशच वाटले असतील. पण लपवलं म्हणावं तर ते प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातात माप देऊन गेले होते.

कप खाली ठेवून तिनं स्प्रिंगांचं खोकं बंद केलं.

"अगं, आधी ऐकून तर घे," काका म्हणाले.

"कडक स्प्रिंगनं मागचा भाग बसणारच नाही, टायर चेंडूसारखं उडेल. तुम्हीच शिकवलंय. शॉकअब्सॉर्बर वजन सावकाश सोडतील, पण उजव्या चाकाला वजनच कमी असेल तर सोडणार काय? आणि मी चोपन्न किलोची. बाबा ऑगस्टात होते त्याहून हलकी. जोडाला आटेही संपत आलेत." तिनं रबरी पिशवी उचलली. "ही हवी. हिच्यात हवा कमीजास्त करता येते. कपडा शिवताना आत माया ठेवतोच ना आपण, पुढं माणूस कोणत्या अंगाचा होईल सांगता येत नाही."

"लेथवाल्याला शिंपीण शिकवणार आता," काका म्हणाले. पण पाना त्यांनी आधीच हातात घेतला होता.

जोड एका फेऱ्यावर आणला, पिशवी उजव्या स्प्रिंगमध्ये बसवली. ती सीटवर बसली आणि काका पंपानं हवा भरत गेले. बारा किलोला थांबले. मग उठून पुढं आले आणि पुढचे दोन काटेही वाचले, मोठ्यानं, आणि चारांची बेरीज दारावर लिहिली.

रविवारी दुपारी ती रेषेवर उभी राहिली. दिवा हिरवा झाला, गाडीचा मागचा भाग खाली बसला, आणि गाडी सुटली. नाक कुठंच वळलं नाही. शेजारची गाडी पहिल्या अर्ध्या अंतरातच पुढं निघून गेली, ते तिला पलीकडे पोचल्यावर समजलं.

परत आली तेव्हा काका रेषेजवळ उकिडवे बसून जमिनीवरचे टायरचे दोन काळे पट्टे मापत होते.

"सारखे?" तिनं विचारलं.

"अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे," ते म्हणाले. डांबरावर असं माप निघत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

शाळामास्तर किल्ली घ्यायला आले. भले गृहस्थ, पोट थोडं सुटलेलं. त्यांनी हात पुढं केला. तिनं किल्ली हातातच ठेवली.

"सर, तुमचं वजन किती?"

"माझं? असेल पंचाहत्तर."

काकांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि खोकले.

"ब्याऐंशी," मास्तर म्हणाले. "का बरं?"

"हवा त्याप्रमाणे ठेवावी लागते," ती म्हणाली. "दर दोन महिन्यांनी या. काट्यावर बसवून बघू. कमी झालं तर कमी का झालं ते विचारीन, तेव्हा खरं सांगायचं."

मग तिनं त्यांच्या हातात किल्ली दिली.